पलंगाखालचा गव्हर्नर

आईबाबा सध्या आमच्याकडे आहेत, सिडनीत, एप्रिलपर्यंत, आणि २६ जानेवारीला बाबांना सकाळी सहालाच जाग आली कारण परेड बघायची होती. मी म्हटलं बाबा दिल्लीत साडेदहा म्हणजे इथे दुपारचे चार, झोपा. ते काही झोपले नाहीत. मग दिवसभर करायचं काय, इथे पण सुट्टी असते त्या दिवशी, पण आपल्यासाठी नाही, १७८८ ला ह्याच तारखेला आर्थर फिलिप कैद्यांची जहाजं घेऊन सिडनी कोव्हला उतरला आणि झेंडा रोवला म्हणून. अर्धा देश बार्बेक्यू करतो आणि ज्यांची ही जमीन होती ते लोक ह्याला आक्रमणाचा दिवस म्हणून मोर्चे काढतात. तर सुट्टी, ऊन मरणाचं, बाबा घरात येरझाऱ्या घालताहेत. म्हणून मी त्यांना लॅपटॉपवर एक चित्र लावून दिलं आणि त्यानंतरचे जवळपास तीन आठवडे आमच्या घरात त्याच विषयावर बोलणं चाललंय, म्हणून हा ब्लॉग.

बाबा म्हणजे रिटायर्ड चित्रकला शिक्षक, कराडजवळच्या एका शाळेत एकतीस वर्षं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली त्याची गणती नाही. त्यामुळे त्यांना चित्र दाखवलं की ते आधी गोष्ट ऐकतच नाहीत, आधी हात-पाय तपासतात.

चित्र आहे ब्लायच्या अटकेचं. विल्यम ब्लाय, तोच तो बाउंटी जहाजवाला, १७८९ मध्ये ज्याच्या खलाशांनी बंड करून त्याला होडीत घालून समुद्रात सोडून दिलं होतं. एवढं होऊनही माणूस जगला, वाचला, पुढे १८०६ मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर म्हणून इथे आला आणि दीड वर्षात इथेही त्याच्याविरुद्ध बंड झालं (काही लोकांच्या पत्रिकेतच असतं). तारीख २६ जानेवारी १८०८. कॉलनीला बरोबर वीस वर्षं झाली होती. मेजर जॉर्ज जॉन्स्टनच्या मागे तीन-चारशे शिपाई, पुढे बँड वाजतोय, आणि वरात निघाली गव्हर्नमेंट हाउसवर. ते घर ब्रिज स्ट्रीट आणि फिलिप स्ट्रीटच्या कोपऱ्यावर होतं, आज तिथे म्युझियम ऑफ सिडनी आहे. दारात ब्लायची मुलगी मेरी उभी राहिली, तिचा नवरा जाऊन तीन आठवडेच झाले होते, हातात छत्री, आणि त्या छत्रीने तिने बंदुकवाल्यांना अडवायचा प्रयत्न केला. मला विचाराल तर चित्र हिचं काढायला पाहिजे होतं.

पण चित्र निघालं ते बापाचं. जलरंगातलं, छोटं, कोणी काढलं माहीत नाही, ऑस्ट्रेलियातलं पहिलं राजकीय कार्टून म्हणून ह्याला मान आहे आणि मूळ प्रत इथल्या स्टेट लायब्ररीत जपून ठेवलीये. एक साधी खोली, एक बुटका पलंग, लाल कोटातले शिपाई आणि पलंगाखालून बाहेर ओढला जाणारा गव्हर्नर, तोही नेव्हीच्या पूर्ण गणवेशात, खांद्यावर सोनेरी झुपक्यांसकट. झालं. एवढंच चित्र. पण बघितल्या बघितल्या हसू येतं, कारण झुपके आणि पलंगाखाली, ह्या दोन गोष्टी एकत्र बसतच नाहीत.

बाबांनी झूम केलं. परत झूम केलं. म्हणाले, "ह्या शिपायाचा गुडघा चुकलाय." मग म्हणाले, "आणि अगं, हा माणूस ह्या पलंगाखाली गेला कसा? उंची बघ की पलंगाची. ह्याचा देह बघ. आत गेला तर गेला, पण ते झुपके बाहेरच राहणार."

मी म्हटलं बाबा, कार्टून आहे ते. तर म्हणे कार्टूनला पण हिशोब असतो.

आता गंमत अशी की ही शंका बाबांचीच नाही, दोनशे वर्षं लोक ह्याच पलंगावरून भांडताहेत. ब्लायचं म्हणणं, मी लपलो नव्हतो, वरच्या मजल्यावर महत्त्वाचे कागद लपवत होतो आणि इथून निसटून हॉक्सबरीला पोचायचा विचार करत होतो, कारण तिथले शेतकरी माझ्या बाजूचे होते. शिपायांचं म्हणणं, साहेब पलंगाखाली सापडले, अंगाला धूळ. खरं काय ते त्या खोलीत होते त्यांनाच ठाऊक, पण ज्या माणसाने उघड्या होडीतून हजारो मैल समुद्र कापला तो चार शिपायांना घाबरून पलंगाखाली शिरेल हे मला काही पटत नाही. तापट, शिवराळ, लोकांना चारचौघांत पाणउतारा करून बोलणारा, हे सगळं खरं असेल. भित्रा मात्र वाटत नाही.

चित्र लागलं कुठे, तर सार्जंट-मेजर व्हिटल नावाच्या माणसाच्या घरात. म्हणजे बंड करणाऱ्या पलटणीतलाच माणूस, आणि ब्लायशी त्याचं घरावरून आधीच वाजलं होतं. बंडानंतर गावात शेकोट्या, रोषणाई, पुतळे जाळणं असा सगळा शिमगा चालला होता आणि लोक व्हिटलच्या घरी जाऊन हे चित्र बघून यायचे. आपल्याकडे गणपतीत देखावे बघायला जातात तसं.

मला आत्तापर्यंत असं वाटायचं की कार्टून म्हणजे गरिबाचं हत्यार, राजा नागडा आहे असं म्हणणारं पोरगं वगैरे. इथे उलटं आहे. ज्या पलटणीने हे चित्र मिरवलं तिचे अधिकारी त्या कॉलनीतले सगळ्यात गबर लोक होते. जहाजातून दारू यायची ती हे घाऊकमध्ये उचलायचे आणि शेतकऱ्याला धान्याच्या, मजुरीच्या बदल्यात चढ्या भावाने विकायचे, नाणी फारशी नव्हतीच म्हणून रमच चलन. १८०६ च्या मार्चमध्ये हॉक्सबरी नदीला पूर आला, छोटे शेतकरी धुऊन निघाले, आणि ऑगस्टमध्ये आलेल्या ब्लायने त्यांना सरकारी गोदामातून माल द्यायला सुरुवात केली, धान्य विकत घ्यायचं कबूल केलं, १८०७ मध्ये दारूच्या अदलाबदलीवर बंदी आणली. म्हणजे ज्याची टिंगल झाली तो तोंडाने फटकळ पण छोट्यांच्या बाजूने, आणि टिंगल करणारे सावकार. (ह्या बंडाला रम रिबेलियन म्हणतात, पण ते नाव तेव्हाचं नाही बरं का, विल्यम हॉविट नावाच्या लेखकाने १८५५ मध्ये ते वापरलं आणि चिकटलं. मूळ भांडणात रमच्या जोडीने जमिनी, पैसा आणि अहंकार पण बराच होता.)

आणि ह्या सगळ्याच्या मागे जो डोक्याचा माणूस, तो आमचा शेजारी. म्हणजे खरोखर शेजारी.

आम्ही राहतो हॅरिस पार्कच्या जवळ. सिडनीतल्या देशी लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, विग्रम स्ट्रीटवर उभं राहिलं की आपण परदेशात आहोत हे फक्त गाड्यांच्या शिस्तीवरून कळतं. चाट, साड्या, डोसे, पानवाला, सगळं. आणि तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, रोझहिलमध्ये, एलिझाबेथ फार्म नावाचं घर आहे, १७९३ मध्ये बांधायला घेतलेलं, ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात जुन्या शिल्लक घरांपैकी एक. मालक जॉन मॅकार्थर. आणि हॅरिस पार्क हे नाव ज्या डॉक्टर जॉन हॅरिसवरून पडलं तो त्याच पलटणीचा सर्जन. आपण पाणीपुरी खातो ती सगळी जागा ह्या रमवाल्यांची. त्याच्याआधी बुरामट्टगल लोकांची, ज्यांच्या नावावरून परामॅटा आलं. अर्थ वाम माशांची जागा. आईला हे सांगितलं तर तिने लगेच विचारलं, वाम मिळते का इथे. आता काय सांगू, रग्बीच्या टीमच्या नावात आहे म्हटलं.

आईबाबांना मी त्या घरात घेऊन गेले. छान आहे. आत दोऱ्या बांधलेल्या नाहीत, खुर्चीवर बसा, ड्रॉवर उघडा, काही हरकत नाही, कारण सामान सगळं नवीन, जुन्या पद्धतीने बनवलेलं. आणि पुढे ऐसपैस व्हरांडा. आई त्या व्हरांड्यात बसली आणि म्हणाली आपल्या जुन्या घराची पडवी अशीच होती. हा व्हरांडा म्हणजे तसा आपल्याकडचाच पाहुणा, हिंदुस्थानात राहून गेलेल्या साहेबांनी ही कल्पना इथे आणली, इथलं ऊन पण तसंच.

मॅकार्थर १७९० मध्ये आला तेव्हा सैन्यातला साधा अधिकारी. ब्लायच्या आधीचा गव्हर्नर किंग त्याच्यावर इतका वैतागला होता की १८०१ मध्ये त्याने लंडनला लिहून कळवलं, हा इथे आला तेव्हा ५०० पौंडाचं कर्ज होतं ह्याच्यावर आणि आता निदान २०,००० पौंडाचा धनी आहे, आणि बाकी ह्याचं काम काय तर भांडणं लावणं. अकरा वर्षांत! त्याच साली मॅकार्थरने स्वतःच्या वरिष्ठाशी, लेफ्टनंट कर्नल पॅटरसनशी, पिस्तुलाचं द्वंद्व करून त्याचा खांदा फोडला, त्याला खटल्यासाठी लंडनला पाठवलं तर तिथून हा पठ्ठ्या शिक्षा सोडा, ५,००० एकर जमिनीचा हुकूम आणि राजाच्या कळपातली मेरिनो मेंढरं घेऊन परत. आधीचा त्याचा कळप कशाचा होता सांगू? कलकत्त्याहून आणलेल्या बंगाली मेंढ्या. त्यांच्यात आयरिश जात मिसळून त्याने लोकर सुधारायचे प्रयोग सुरू केले, मेरिनो नंतर.

लोक त्याला मागून जॅक बॉडिस म्हणायचे, कारण बाप प्लिमथला कापडदुकानदार, म्हणजे बायकांच्या चोळ्या-कॉर्सेट शिवणाऱ्याचा जॅक. ह्याला म्हणतात अर्कचित्र, कागद न वापरता केलेलं. बाबा म्हणाले व्यंगचित्र वेगळं आणि अर्कचित्र वेगळं, व्यंगचित्रात प्रसंग लागतो, अर्कचित्रात नुसता माणूस घ्यायचा आणि त्याचं एक काहीतरी पकडून अर्क काढायचा, नाक म्हण, चाल म्हण. जॅक बॉडिसमध्ये त्याची जात काढली. इंग्रज पण कमी नव्हते त्यात.

बरं ह्या मॅकार्थरचं पोर्ट्रेट आहे. तैलचित्र. गडद कोट, बंद ओठ, हट्टी हनुवटी. बाबांचं मत, चित्रकार यथातथाच पण माणूस पक्का पकडलाय. आणि हेच तोंड १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या २ डॉलरच्या नोटेवर आलं, शेजारी मेरिनो मेंढा. १९८८ मध्ये नोट जाऊन नाणं आलं. आम्हाला ती नोट एका रविवारच्या बाजारात जुन्या नोटांच्या टेबलावर मिळाली, प्लास्टिकच्या पाकिटात, आणि बाबांनी ती तिथेच उन्हात धरून दहा मिनिटं बघितली, विकणारा आजोबा पण खूश. गव्हर्नरला पदावरून ओढून काढणाऱ्या बंडाचा सूत्रधार, त्यापायी १८०९ ते १८१७ देशाबाहेर राहावं लागलेला माणूस, सरकारी नोटेवर. आणि ती आठ वर्षं मेंढ्या कोणी सांभाळल्या, लोकर जहाजावर कोणी चढवली? बायकोने. एलिझाबेथ. घराला नाव हिचं, नोटेवर तोंड ह्याचं. आई म्हणाली त्यात काय नवीन आहे.

त्याच टेबलावर १० डॉलरची जुनी नोट होती, त्यावर फ्रान्सिस ग्रीनवे. सिडनीतल्या कितीतरी सुंदर इमारती ह्याच्या. आणि इथे आला कशाबद्दल, तर खोटा दस्त बनवल्याबद्दल! म्हणजे बनावट कागद केला म्हणून काळ्या पाण्यावर पाठवलेल्या माणसाचं चित्र चक्क नोटेवर. बाबा इतके हसले की ठसका लागला. मग मी त्यांना पुढचं सांगितलं, की त्या काळात इथे ज्यांनी पोर्ट्रेटं काढली त्यातले पण बरेच असलेच. थोरला रिचर्ड रीड खोट्या नोटांच्या भानगडीत आलेला. जोसेफ बॅक्लर खोट्या चेकच्या. मग शिक्षा भोगत नाहीतर भोगून झाल्यावर पैसेवाल्यांची, खानावळवाल्यांची, त्यांच्या बायकांची तोंडं रंगवायची. बाबांना हे अजिबात विचित्र वाटलं नाही. "खोटी सही जमते म्हणजे हात स्थिर आहे, डोळा चांगला आहे. मला चालला असता असला मुलगा वर्गात."

आणि गिऱ्हाईक पण तशीच की. आत्ताच्या २० डॉलरच्या नोटेवर जी बाई आहे ना, मेरी रीबी, चष्मा, टोपी, गोल तोंड, देवळात भेटली तर वाकून नमस्कार कराल अशी. ह्या लँकशरच्या पोरीने तेरा वर्षांची असताना मुलाचे कपडे घालून घोडा चोरला, पकडली गेली तेव्हा नाव सांगितलं जेम्स बरो. १७९२ मध्ये इथे आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या थॉमस रीबीशी लग्न केलं, सात मुलं झाली, नवरा १८११ मध्ये वारला आणि मग बाईने जहाजं, गोदामं, घरं असं काय काय उभं केलं की १८१७ मध्ये इथली पहिली बँक निघाली ती हिच्या भाड्याच्या घरात. नोटेवरचं चित्र ज्याच्यावरून घेतलंय ती हस्तिदंतावर रंगवलेली तळहाताएवढी मिनिएचर आहे, १८३५ च्या सुमाराची. त्यात घोडा कुठेही नाही. पोर्ट्रेटचं असंच असतं, पैसे देणारा ठरवतो काय दिसायचं. चष्मा दिसू दे म्हणाली असेल. चष्म्याने माणूस वाचणारा वाटतो.

मी मात्र बाबांना जे दाखवायला लायब्ररीत नेलं ते वेगळंच होतं. मॅक्वारी स्ट्रीटवरच्या स्टेट लायब्ररीत वरच्या गॅलऱ्यांमध्ये तीनशेएक तैलचित्रं भिंतभर लावलीत, एकाला एक खेटून, फुकट आहे, सिडनीत असाल तर जाच. तिथल्या संग्रहातलं ऑगस्टस अर्लने १८२६ च्या आसपास काढलेलं कॅप्टन जॉन पायपरचं पूर्ण उंचीचं चित्र. जोडीला मिसेस पायपर आणि मुलांचं वेगळं चित्र.

पायपर म्हणजे बंदराचा जकात अधिकारी. येणाऱ्या जहाजांकडून जकात गोळा करायची आणि त्यातले टक्के स्वतःला. विचार करा. त्यातून त्याने समुद्रकाठी हेन्रिएटा व्हिला नावाचा बंगला बांधला, १०,००० पौंड खर्चून, पार्ट्या, बँड, होड्यांच्या शर्यती. ती जागा म्हणजे आजचं पॉइंट पायपर, तिथल्या घरांच्या किमती वाचून नवरा बातमी बंदच करतो. चित्रात पायपर ऐटीत उभा, मागे बंगला, अंगात झकास गणवेश. आता हा गणवेश कुठल्या दलाचा? कुठल्याच नाही! एकेकाळी सैन्यात कॅप्टन होता खरा, पण हा पोशाख त्याने स्वतःच डिझाइन करून शिवून घेतलेला. बाबा म्हणाले बँडवाला वाटतो. लग्नातला. बाबांचा आवाज जरा मोठाच आहे पण सुदैवाने आजूबाजूला मराठी कोणी नव्हतं.

१८२७ मध्ये गव्हर्नर डार्लिंगने हिशोब तपासायला लावले तर १२,००० पौंड कमी. चोरी म्हणण्यापेक्षा ढिलाई जास्त, असं म्हणतात. पायपर होडीत बसला, स्वतःच्या नावाड्यांना बंदराच्या तोंडाबाहेर न्यायला लावलं आणि उडी मारली. नावाड्यांनी बाहेर काढला. सोबत बँड वाजत होता असंही सांगतात, खरं असो नसो, माणसाच्या स्वभावाला शोभतं. बंगला विकला, बाथर्स्टला जाऊन राहिला, १८५१ पर्यंत जगला.

आणि त्याच अर्लने, त्याच वर्षांत, आणखी एका माणसाला गणवेशात रंगवलं. बंगरी. ते तैलचित्र कॅनबेराला नॅशनल लायब्ररीत आहे, आम्ही मोबाईलवरच बघितलं, पायपरच्या समोर बाकावर बसून, त्यामुळे जरा मजा आली. बंगरी हा ब्रोकन बे भागातला इथला मूळचा माणूस. मॅथ्यू फ्लिंडर्सने १८०२-०३ मध्ये जहाजाने अख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली तेव्हा हा बरोबर होता, नव्या किनाऱ्यावर उतरून तिथल्या लोकांशी बोलणी करायला. (लायब्ररीच्या बाहेर फ्लिंडर्सचा पुतळा आहे आणि मागे खिडकीच्या कट्ट्यावर त्याच्या मांजराचा, ट्रिमचा, पण पुतळा आहे. आईने मांजराचेच सहा फोटो काढले. बंगरी तिथे नाही.)

चित्रात त्याच्या अंगात लाल लष्करी कोट, कोणातरी साहेबाचा उतरलेला, गळ्यात पितळी पट्टा, गव्हर्नर मॅक्वारीने १८१५ मध्ये अमुक टोळीचा मुख्य असं कोरून दिलेला, आणि हात वर करून टोपी उचललेली. मागे फोर्ट मॅक्वारी. तो किल्ला पाडला, आता तिथे ऑपेरा हाउस आहे. बंदरात नवं जहाज आलं की बंगरी होडीतून जायचा, वर चढायचा, वाकून टोपी उचलून माझ्या देशात तुमचं स्वागत असं म्हणायचा आणि मग थोडे पैसे, दारू, जुने कपडे मागायचा. युरोपियन प्रवाशांनी ह्याच्यावर हसत हसत पानंच्या पानं लिहिलीत, चित्रं तर इतकी निघाली त्याची की त्या काळातल्या सिडनीत तेवढी फार कमी लोकांची असतील. बघा काय विनोदी प्राणी, ह्या सुरात बरंचसं.

बाबा बराच वेळ गप्प होते. एकदा मोबाईल बघायचे, एकदा समोर पायपर. मग म्हणाले, "म्हणजे जहाजावर जकात घ्यायला दोघं जात होते. ह्याचा कोट उतरलेला, त्याचा कोट मनाने शिवलेला. ह्याची जमीन खरी."

मला हे इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं, इंग्रजीत किती वाचलं होतं मी ह्यावर.

आणि बंगरीची खरी गोष्ट तर पुढेच आहे. तो नकला करायचा. आलेल्या प्रत्येक गव्हर्नरची चाल, टोपी काढायची पद्धत, मान, बोलणं, सगळं हुबेहूब. साहेबाचा कोट घालून साहेबाचीच नक्कल, साहेबाच्या गावात, भर रस्त्यात, आणि साहेब लोक खूश होऊन पैसे टाकताहेत. अर्ल रंगवतोय, बघणारे हसताहेत, आणि ज्याला हसताहेत तो आतून कोणाचं काय करतोय. बाबांना लगेच आठवला तो बहुरूपी. त्यांच्या लहानपणी गावात यायचा, खाकी ड्रेस, शिट्टी, कमरेला पट्टा, दारात उभं राहून "तुमच्या नावाचं वॉरंट आहे, चला चौकीवर" म्हणून दरडवायचा, खऱ्या फौजदारासारखं तंगडं टाकून चालायचा. पोरं घाबरायची, बायका हसत पसाभर ज्वारी घालायच्या. एकदा खरा फौजदार तिथून जात होता, बाबा म्हणे, आणि अख्खी गल्ली त्याच्याकडे बघून हसायला लागली, त्याला कळेचना काय झालं. त्याने काही केलं नव्हतं हो. नुसता चालत होता.

ब्लायचं कार्टून लायब्ररीत तिजोरीत राहिलं, मॅकार्थर नोटेवर गेला, पायपरच्या नावाने अख्खी वस्ती. बंगरी २४ नोव्हेंबर १८३० ला वारला आणि त्याची नक्कल त्याच्याबरोबर गेली. एक तरी गव्हर्नर तो कसा चालून दाखवायचा हे बघायला मी कितीही डॉलर दिले असते.

पुढे कार्टूनं इथे छापखान्यात गेली, मेलबर्न पंच १८५५ मध्ये, सिडनी पंच १८६४ मध्ये, आपल्या मुंबईत पारशांनी पारसी पंच त्याच्याही आधी १८५४ मध्ये काढला होता, तोच पुढे हिंदी पंच झाला, असो. इथलं मोठं नाव म्हणजे द बुलेटिन, १८८०. रेषा काय, विनोद काय, गव्हर्नर, जमीनदार, बिशप कोणाला सोडलं नाही. पण हीच पेन्सिल चिनी माणसाकडे वळली की कशी घाण व्हायची ते बघवत नाही, आणि १९०८ पासून तर नावाखाली ब्रीदवाक्यच होतं, ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी. ते काढलं कधी, १९६० मध्ये. बाबांचा जन्म १९५७ चा. ह्यावर मी जास्त लिहीत नाही, परत कधीतरी.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण कालचं आहे. रविवार. मी स्वयंपाकघरात, आई फोनवर कोणाशी तरी, आणि पाहुण्यांच्या खोलीतून धाडकन आवाज. जाऊन बघते तर बाबा पलंगाखाली. अर्धे. डोकं आणि खांदे आत, पोट अडकलेलं, पाय बाहेर, एक चप्पल पायात एक लांब. मी म्हटलं बाबा काय करताय हे, लागलं का. आतून आवाज, "अगं काही नाही, उंची बघत होतो. बारा इंच असेल. ब्लाय तेव्हा त्रेपन्न वर्षांचा ना? जाऊ शकतो. झुपके आडवे करून जाऊ शकतो." मी म्हटलं आधी बाहेर या. "तेच जमत नाहीये."

मग मी एक हात धरला, नवऱ्याने दुसरा, आणि आई दारात येऊन उभी राहिली, तिने फोन कट केला नव्हता तो केला, आणि फोटो काढला. बाबा धुळीने माखलेले, चष्मा कपाळावर, म्हणाले ग्रुपवर टाकू नकोस हं. तिने तोपर्यंत टाकला होता. साताऱ्याच्या काकांचा रिप्लाय एका मिनिटात आला.

"कोणाला घाबरून?"